ग्रंथालयात अडतीस, कार्यशाळेतही अडतीस

९ जानेवारी, गुरुवार. मुदखेड

एक कोडे आपल्यापैकी बहुतेकांच्या नजरेस पडले असेल. कोणत्याही शिक्षणसंस्थेत तपासणीची समिती येते, त्या दिवशी फाटकापासून कार्यालयापर्यंत दोन्ही बाजूंना कुंड्या मांडलेल्या असतात. सर्व रोपे एकाच उंचीची, एकाच दिवशी फुललेली. आठवड्याने जाऊन पाहावे, तर एकही कुंडी जागेवर नसते. झाडे इतक्या शिस्तीने कशी वागतात? वनस्पतिशास्त्रात याचे उत्तर नाही. ते विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत आहे. तिथे ‘समिती संच’ भाड्याने मिळतो: साठ कुंड्या, दोन दिवस, ने-आण त्यांच्याकडे. आमच्या संस्थेसाठी झेंडूऐवजी शेवंतीचा संच मी निवडला होता, एवढे नम्रपणे नोंदवतो.

मी उमाशंकर बिराजदार, येथील अमृतदीप तंत्रशिक्षण संस्थेच्या गुणवत्ता कक्षाचा प्रमुख. कक्षात माझ्याखेरीज एक कपाट आहे.

शेवंती असूनही आम्हाला ‘क’ श्रेणी मिळाली. डिसेंबरातल्या तपासणीचा अहवाल आज आला. मी तो तीनदा वाचला: एकदा अर्थासाठी, एकदा व्याकरणासाठी, एकदा आशेने.

ग्रंथालयास चारपैकी चार गुण. शेरा: ‘विद्यार्थ्यांकडून होणारा दैनंदिन वापर अनुकरणीय.’ हे वाक्य चौकटीत बसवून घेण्याचा विचार आहे. विजतंत्री अभ्यासक्रमाच्या कार्यशाळेस, जिला विद्यार्थी इलेक्ट्रिशियनचे वर्कशॉप म्हणतात, चारपैकी शून्य. शेरा: ‘प्रात्यक्षिके होत असल्याचा पुरावा आढळला नाही.’ याचे कारण मला ठाऊक आहे. समिती जेवण आटोपून कार्यशाळेत शिरली आणि लाइट गेली. अंधारात कोणी काय दाखवणार?

या शून्याचा परिणाम गंभीर आहे. जूनपासून विजतंत्रीचे प्रवेश बंद होतील. सध्या पहिल्या वर्षात असलेल्या अडतीस मुलामुलींनी दुसरे वर्ष लातूरला किंवा जागा मिळेल तिथे करावे. अपिलास तीस दिवसांची मुदत आहे.

११ जानेवारी, शनिवार

संस्थाध्यक्ष अमृतराव यांना सारे मुदखेड अप्पा म्हणते. ते मोंढ्यातल्या आपल्या आडतीच्या गादीवरूनच संस्था चालवतात. त्यांनी अहवाल न उघडता हातावर तोलून पाहिला.

“सर, ‘क’ म्हंजे पास का नापास?”

“अप्पा, ‘क’ म्हणजे सुधारणेस भरपूर वाव असलेली मान्यता.”

“म्हंजे नापास. मंग फार्मसी कॉलेजच्या अर्जाला काय जोडू? माझा फोटो?”

फार्मसी महाविद्यालयासाठी ‘ब’ लागतो, हे मी जाणून होतो. विजतंत्रीच्या अडतीस जणांचाही उल्लेख केला. अप्पा म्हणाले, “ते बी बगा. पन आधी ‘ब’ बगा. तुमी तर कागदाचे पैलवान. उतरा आखाड्यात.”

अपिलाची नियमावली वाचली. कलम सात: ‘तपासणीनंतर तयार केलेला कोणताही पुरावा ग्राह्य धरला जाणार नाही.’ या कलमामुळे अपीलकर्त्याच्या सर्जनशीलतेवर फार मर्यादा येतात.

१५ जानेवारी, बुधवार

आज कार्यशाळेत गेलो. नऊ वर्षांत माझी ही चौथी भेट. विजतंत्रीच्या निदेशिका पंचशीला गजभारे नऊ वर्षांपासून अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. त्या एका पंपाची मोटार उघडून बसल्या होत्या आणि मुले भोवती वाकली होती. त्यांनी मला बसायला खोके दिले.

“बाई, विहित नमुन्यातील नोंदवही मी आपल्याला दिली होती.”

“दिली होती की. कपाटात हाय. कोरीच हाय.”

“कोरी का?”

“सर, तिच्यात ‘निष्पत्ती’ अन् ‘उपनिष्पत्ती’ असे रकाने हायत. लेकरांनी मोटार भरावी का रकाने भरावेत?”

“मग नोंद कशात ठेवता?”

त्यांनी भिंतीकडे बोट केले. खिळ्याला सुतळीने एक दोनशे पानी वही टांगलेली होती. कव्हर ग्रीसने काळे झालेले. उघडली, आणि माझे मन हर्षाने भरून आले. रोज साडेदहा ते एक, प्रत्येकाने आपल्या हाताने काय केले आणि काय बिघडवले ते लिहून खाली सही केलेली. १८ ऑक्टोबरची एक नोंद उतरवून घेतो: ‘पंख्याचं कॉइल भरलं. उलटं भरलं. पंखा उलटा फिरला. बाई हसल्या न्हाईत. पुनम.’ त्याखाली शिवम नावाच्या मुलाची: ‘दोन फ्यूज उडवले. तिसरा बाईंनी दिला न्हाई.’

तपासणीपूर्वीचा, तारीखवार, स्वाक्षरीसह पुरावा. कलम सात पूर्ण.

“बाई, ही वही समितीला का दाखवली नाही?”

“दाखवली. त्यातल्या एका सायबानं दोन बोटांनी धरली अन् हात पुसायला फडकं मागितलं.”

मी वही मागितली. त्यांनी लगेच दिली नाही. “न्या, पन सुधरू नका.”

या वाक्याने मला वाईट वाटले. सुधारणा हे माझे पदच आहे.

निघताना पुनम नावाची तीच मुलगी हात पुसत पुढे आली. ती इस्लापूरची, इथे मावशीकडे राहते. “सर, लातूरला गेलं तर आमचं तिथं कोन हाय? बाबा म्हनले, तसं झालं तर वापस ये.” मी तिला अपिलाची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने समजावून सांगितली. तिने ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, “मंग जूनला आमी कुठं?”

२४ जानेवारी, शुक्रवार

अपील ३१२ पानांचे झाले. विषयवार रंगीत पट्ट्या लावल्या आहेत.

परिशिष्ट ‘अ’ म्हणून आमची ग्रंथालय उपस्थिती नोंदवही जोडली. ज्या पुराव्यावर समिती आधीच प्रसन्न आहे, तो पुन्हा समोर ठेवल्याने तिचे मन अनुकूल होते. ही वही माझ्या पद्धतीचा उत्तम नमुना आहे, म्हणून ती कशी घडली ते लिहून ठेवतो. नोव्हेंबरात मी ‘अभिलेखपूर्ती सप्ताह’ घेतला. सर्व कर्मचारी सभागृहात बसले, चहा आला, आणि सप्टेंबरपासूनच्या नोंदी आम्ही पूर्ण केल्या. शाई एकसारखी दिसू नये म्हणून मी सहा निरनिराळी पेने आणली होती. दर दहा मिनिटांनी पेने उजवीकडे सरकवायची, अशी व्यवस्था. विजतंत्रीची यादी टेबलावर होती, म्हणून अडतीस नावे त्यांचीच घेतली. वेळ साडेदहा ते एक, कारण समितीच्या मार्गदर्शिकेत वाचनासाठी सकाळ उत्तम मानली आहे.

अज्ञजन अशा कामाला बनावट म्हणतात. इतिहासकार गतकाळाची पुनर्रचना करतो, तेव्हा त्याचा सत्कार होतो.

ग्रंथालयाची खोली कुलूपबंद असते हे खरे. आत पुस्तके आहेत, त्यामुळे तेवढी काळजी घ्यावी लागते.

परिशिष्ट ‘ब’ म्हणून पंचशीलाबाईंची वही. टंकलेखन करताना आमचा लिपिक भुजंग थांबला.

“सर, एक बोलू का? ही अडतीस जनं लायब्ररीत बी हायत अन् वर्कशॉपात बी. टाइम बी एकच हाय.”

“भुजंग, यालाच सर्वांगीण विकास म्हणतात.”

“हाव सर. पन अंग तर एकच अस्तंय न्हाई का?”

भुजंगचे शिक्षण कला शाखेत झाले आहे. मी त्याला पानांना क्रमांक देण्यास सांगितले.

घरी मंजुश्रीने गठ्ठा उचलून पाहिला. “अहो, एवढं वाचणार कोण?”

“सगळे वाचावे अशी अपेक्षा नसते. ते सगळे आहे, हे दिसावे लागते.”

“आमच्या माहेरी लग्नातल्या आहेराचं असंच असायचं,” ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. तुलना मला नीट कळली नाही.

७ फेब्रुवारी. लातूर

अपील दाखल केले. पोच घेतली. पोचेची छायाप्रत काढली. छायाप्रतीवर पुन्हा शिक्का मारण्यास लिपिकाने नकार दिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. लातूर

आज सुनावणी झाली. माझ्या आयुष्यातील उत्तम व्याख्यानांपैकी एक आज झाले असे मला वाटते. तपशीलवार लिहितो.

आम्ही तिघे होतो: अप्पा, मी आणि निदेशिका म्हणून पंचशीलाबाई. अपील मंडळाच्या अध्यक्ष डॉ. सुकन्या उटगे, उदगीरच्या निवृत्त प्राचार्या. शेजारी दोन सदस्य आणि एक लघुलेखक. मंडळाने दोन्ही परिशिष्टांच्या मूळ वह्या मागवल्या होत्या. आमच्या आधी नांदेडच्या एका संस्थेची सुनावणी सहा मिनिटांत संपली, यावरून इतरांची पूर्वतयारी किती अपुरी असते ते कळते.

उटगेमॅडमनी दोन्ही वह्या शेजारी-शेजारी उघडून ठेवल्या आणि चष्मा पुसला.

“बिराजदार सर, अठरा ऑक्टोबर. साडेदहा ते एक. ही पुनम ग्रंथालयात राज्यघटनेवरचं पुस्तक वाचून राहिली. आणि त्याच वेळी हीच पुनम पंख्याचं कॉइल उलटं भरून राहिली. वह्या दोन्ही तुमच्याच. खरी कोणती?”

अप्पांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्याला हात लावला आणि हळूच म्हणाले, “लायब्ररी.” पंचशीलाबाई माझ्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

त्या क्षणी मला पुनमचा प्रश्न आठवला असे लिहिले, तर ते खोटे ठरेल. मला आनंद झाला, एवढेच सांगता येते. तीस वर्षे मी नोंदवह्या हाताळतो आहे. खरी वही आणि केलेली वही यांतील फरक कसा ओळखावा, हे मला आजवर कोणी विचारलेच नव्हते.

मी उभा राहिलो. म्हणालो, “महोदया, हे सहज सिद्ध करता येते.”

प्रथम पानांच्या कडा दाखवल्या. रोज वापरल्या जाणाऱ्या वहीचा खालचा उजवा कोपरा काळवंडतो, कारण रोज अंगठा तिथेच लागतो. जिथवर लिहिले तिथवर काळे, पुढे पांढरे. परिशिष्ट ‘ब’ तसे आहे. परिशिष्ट ‘अ’च्या सर्व कडा सारख्या पांढऱ्या आहेत. मग उपस्थिती. खऱ्या वहीत माणसे गैरहजर राहतात. ‘ब’मध्ये दिवाळीनंतर पहिल्या दिवशी अकराच जण आहेत, आणि एकाने ‘गावाकडून बस नव्हती’ असे लिहिले आहे. ‘अ’मध्ये अडतीसच्या अडतीस जण रोज येतात, दिवाळीनंतरही, तापातही. मग सह्या. रोज सही करणाऱ्याची सही दमते, तिरपी होते, कधी चुकीच्या ओळीत जाते. ‘अ’मध्ये तीन महिन्यांत एकही सही ओळ चुकलेली नाही. शेवटी शाई. ‘अ’मध्ये शाई बदलते, परंतु ठराविक ओळींनंतरच. यावरून अनुमान असे की ही वही एका आठवड्यात एकत्र बसून लिहिलेली असून तिच्यासाठी सहा पेने वापरली आहेत.

“सहाच कशावरून?” उटगेमॅडमनी विचारले.

“मी स्वतः आणली होती,” मी म्हणालो.

लघुलेखकाने विनंती केल्यावरून मी हे वाक्य पुन्हा सावकाश उच्चारले.

 व्याख्यान परिणामकारक झाले की श्रोते जागे होतात. इतका वेळ डोळे मिटून असलेले सदस्यही मान वर करून माझ्याकडे पाहत होते. मॅडम म्हणाल्या, “इतका स्पष्ट खुलासा या मंडळासमोर आजवर झालेला नाही.” मी आभार मानले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काल परतीच्या प्रवासात जे झाले ते काल लिहवले नाही.

 लातूर सोडल्यावर अप्पा ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगून माझ्याकडे वळले.

“सर, मला एक समजावून सांगा. आपन अपील कोनाविरुद्ध केलं होतं?”

“अहवालाविरुद्ध, अप्पा.”

“मला वाटलं आपल्याविरुद्धच केलं. चारपैकी चार होते हो लायब्ररीला. तुमी ते बी वापस करून आले. वर सांगून आले की पेनं बी मीच आनली.”

मागच्या सीटवरून आवाज आला, तशी अप्पांनी मान वळवली. “बाई, तुमी कामून हसून राहिल्या?”

“मी न्हाई हसले अप्पा,” पंचशीलाबाई म्हणाल्या, “रस्ता खराब हाय.”

रात्रभर विचार केला. माझ्या खुलाशात एकही तर्कदोष सापडला नाही. त्यामुळेच अधिक अस्वस्थ वाटते.

५ मार्च, बुधवार

आज सकाळी सव्वादहाला उटगेमॅडम पूर्वसूचनेशिवाय आल्या. एकट्या, रिक्षाने. आत आल्याच नाहीत. फाटकापाशी उभ्या राहिल्या, येणाऱ्या विद्यार्थ्यांना थांबवून काहीतरी विचारत राहिल्या, आणि दर वेळी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून एका चिठ्ठीवर लिहीत राहिल्या. वीसेक मिनिटांनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. मी चहाचा आग्रह केला.

“नको सर. काम झालं.”

“महोदया, कागदपत्रे पाहिली नाहीत.”

“तेवढ्यासाठीच आले होते, न पाहायला.”

अप्पांनी घाईने मागवलेल्या कुंड्या साडेअकराला पोचल्या.

एवढ्या मोठ्या अधिकारपदावरील व्यक्तीने प्रपत्राशिवाय तपासणी करावी, याचा अर्थ लावणे कठीण आहे. विद्यार्थ्यांना विचारले, तर ते म्हणाले, “पत्ता विचारत होत्या.”

२८ मार्च, शुक्रवार

निकाल आला. दोन पानांचा. आमच्या अपिलाच्या अनुक्रमणिकेहूनही लहान.

विजतंत्री कार्यशाळा: शून्य गुण रद्द, चारपैकी चार. प्रवेश सुरू राहतील. अडतीस जण दुसरे वर्ष इथेच करतील. ग्रंथालय: चार गुण रद्द, शून्य. त्याच अभिलेखपूर्तीत सजलेले आणखी पाच निकषही गेले. एकूण श्रेणी ‘ड’.

कारणमीमांसेत माझा खुलासा जवळजवळ शब्दशः घेतला आहे. त्यापुढे मॅडमनी फाटकावरचे निरीक्षण जोडले आहे. त्यांनी अकरा विद्यार्थ्यांना वर्कशॉप कुठे आहे असे विचारले. प्रश्न संपण्याआधीच बोट दाखवले गेले. मग त्याच अकरा जणांना ग्रंथालय कुठे आहे असे विचारले. सर्वांत जलद उत्तरास चौदा सेकंद लागले. दोघांनी मुदखेड स्टेशनची दिशा दाखवली. एकाने विचारले, “आपल्याला हाय का?”

निकाल ऐकून पुनमने कार्यशाळेतूनच, बाईंच्या फोनवरून, इस्लापूरला कळवले. पलीकडून काय उत्तर आले माहीत नाही, ती इतकेच म्हणाली, “हाव बाबा. इथंच. हाव. आता ठेवते, कॉइल वाळून राहिलं.”

मी अप्पांकडे राजीनामा घेऊन गेलो. त्यांनी तो परत केला. “तुमाला काढलं तर तुमी बाहेर जाऊन समजावून सांगताल. इथंच बसा.” फार्मसीचा अर्ज त्यांनी गादीखाली सारला.

पंचशीलाबाईंचा करार नेहमीप्रमाणे अकरा महिन्यांनी वाढला. सोबत कारणे दाखवा नोटीसही गेली: विहित नमुन्यातील नोंदवही कोरी का? नोटिशीचा मसुदा मीच केला. नियम सर्वांना सारखा असावा लागतो. तरी आजच्या सह्यांत ही सही मी सर्वांत शेवटी केली, हेही नोंदवतो.

१६ जून, सोमवार

नवे वर्ष सुरू झाले. विजतंत्रीच्या सर्व जागा भरल्या. फेरतपासणी डिसेंबरात आहे, आणि अप्पांनी निकालाचा अभ्यास माझ्या अपेक्षेपेक्षा बारकाईने केला आहे. आवारात अकरा फलक लागले आहेत: ‘ग्रंथालय’, खाली लाल बाण. शिवाय रोज प्रार्थनेनंतर मी माइकवरून विचारतो, “ग्रंथालय कुठे आहे?” आणि एकशे साठ हात एकदम उजवीकडे जातात. आज मी वेळ मोजली. एक सेकंदाहून कमी. चौदावरून एकावर, अवघ्या एका आठवड्यात. आलेख काढला.

आलेख घेऊन मी कार्यशाळेवरून जात होतो. पुनम बाहेर तारेचे भेंडोळे सोडवत बसली होती. तिचे आता दुसरे वर्ष. सहज विचारले, “वर्कशॉप कसे चालले आहे?”

“काय सांगू सर. तिसऱ्या टेबलाचा पान्हा सटकतो. पावसात पत्रा गळतो, ते पानी नेमकं बोर्डावर. एक्झॉस्टचा आवाज डोक्यात जातो. अन् बाई लई बोलतात, मंग बोलून झालं की चहा पाजतात, तो बी लई गोड...”

ती सांगत राहिली. मी दोनदा निघण्याचा प्रयत्न केला. शेवटी विचारले, “आणि ग्रंथालय?”

हात बाणाच्या दिशेने गेला. “छान हाय सर. सगळं छान हाय.”

“तिथे काही त्रास?”

“न्हाई सर. काहीच न्हाई.”

मी तिथेच उभा राहिलो. तीस वर्षांत समाधान-सर्वेक्षणाचे जेवढे अर्ज मी गोळा केले, त्यांतल्या बहुतेकांवर हेच उत्तर होते, आणि ते मी गुण म्हणून मोजत आलो. आलेखाची घडी करून खिशात ठेवली.

एक चाचणी सुचली आहे. ती अप्पांना सांगणार नाही; त्यांना सांगितली की प्रार्थनेत तिचीही तालीम घ्यावी लागेल. इथे मात्र लिहून ठेवतो, कारण तिला प्रपत्र लागत नाही आणि कोणालाही ती करता येते. कोणत्याही संस्थेत जा. वही मागू नका, फलक वाचू नका. समोर येईल त्या विद्यार्थ्याला एखाद्या खोलीविषयी एवढेच विचारा: “तिथं काय त्रास आहे?” तो सांगू लागला आणि थांबेना, तर निश्चिंत मनाने घरी जा. “काही नाही, सगळं छान आहे” म्हणाला, तर दारापर्यंत जा आणि कुलूप ओढून पाहा.